आधी काजळी, मग कलर

«काका, नमस्कार. मी सेलूची, जिल्हा परभणी. भावानं आणि मी मिळून दोन वर्षांपूर्वी लेसर कटिंगचं छोटं मशीन घेतलं. नेमप्लेट, देव्हाऱ्यामागची जाळी, महालक्ष्म्यांच्या मखराचे पॅनल अशी कामं करतो. कटिंग झकास येतं, फिनिशिंगला मार खातो. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला 4 मिमी प्लायवूडच्या सहा जाळ्या पांढऱ्या-सोनेरी करून दिल्या. हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचे डबे आणले. रात्री पांढरा मारला, सकाळी नक्षीवर सोनेरी. सोनेरीला जागोजागी सुरकुत्या पडल्या. चार दिवसांत कडेकडेनं पांढऱ्यावर तपकिरी डाग फुटले, तीन हात मारले तरी परत वर येतात. पाऊस लागला तशा जाळ्या पापडासारख्या वाकल्या. सगळ्या परत आल्या. आता महालक्ष्म्यांसाठी चाळीस पॅनलची ऑर्डर हातात आहे. फिनिशला कुणी म्हणतं पीयू (पॉलियुरेथेन) मारा, कुणी म्हणतं मेलामाइन, कुणी लॅकर. कोणता स्प्रे घ्यावा? घरच्या अंगणात मारला तर चालेल का? आणि त्या सहा जाळ्यांचं काय करू?»

ताई, नमस्कार.

कोणता स्प्रे घ्यावा हे थोडं थांबून सांगतो, राग मानू नका. तुमच्या जाळ्या डब्यामुळं बिघडल्या नाहीत. दुकानातला सगळ्यात महाग डबा आणला असता तरी डाग फुटलेच असते आणि जाळ्या वाकल्याच असत्या. सुरकुत्यांचा दोष तेवढा कलरकडं जातो, तोही अर्धाच.

लेसर लाकूड कापत नाही, जाळतं. करवतीचा भुसा खाली पडून जातो; लेसरचा धूर होतो, आणि त्या धुरात लाकडातले चिकट पदार्थ आणि प्लायच्या थरांमधला गोंद, दोन्ही असतात. धूर गार झाला की कडेवर आणि पृष्ठभागावर तेलकट काजळी होऊन बसतो. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशीच ती. ही काजळी थिनरमध्ये विरघळते. तुम्ही तिच्यावर सरळ पांढरा मारला. कलरमधल्या थिनरनं तिला ओली केली आणि ती कलरमधून वर आली. म्हणून तीन हात मारा नाहीतर दहा मारा, दर नवा हात तिला परत ओली करून वर ओढणार. कुणी सांगेल, पाण्याचा प्रायमर मारा, त्यात थिनर नसतो. पाण्यातही ती उतरते. पिवळट झाक धरून वर येते, एवढाच फरक.

तेव्हा चाळीस पॅनलची सुरुवात मशीनपासूनच करा. शीट बेडवर ठेवायच्या आधी दोन्ही बाजूंना कागदी मास्किंग टेप लावा, रुंद पन्ना मिळतो तो. खालच्या बाजूला लोक आळस करतात, आणि खालच्या जाळीवरून उलटून येणारी लेसरची झळ नेमकी तिथंच ठिपके पाडते. टेप कागदीच हवी. प्लास्टिकची, व्हिनाइलची चिकटपट्टी चुकूनही लेसरखाली घालू नका. पीव्हीसी जळलं की त्यातून आम्लाचा वायू निघतो, तो तुमची छाती खातो आणि मशीनच्या पट्ट्या-बेअरिंगही गंजवतो. हवेचा झोत पूर्ण चालू ठेवा, भिंग पुसलेलं ठेवा, आणि एका तुकड्यावर बघून जेवढ्या जास्त वेगात आरपार जातं तेवढ्याच वेगात कापा. काळजीनं वेग कमी ठेवला की कड जास्त कोळपते.

प्लाय कोणता घेता ते पत्रात नाही. बहुतेक दुकानदारानं "मरीन घ्या, दणकट असतो" असं सांगितलं असेल. मरीन म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचा माल, त्याचा गोंद फिनॉलचा, रंगानं गडद आणि जळायला चिवट. किचनच्या ओट्याखाली तो हवाच, लेसरखाली नको. घरातल्या शोभेच्या जाळीला आयएस 303 मधला एमआर, म्हणजे दमट हवा सोसणारा, ग्रेड पुरतो. त्याच्या थरांत युरियाचा फिकट गोंद असतो, कड बरीच स्वच्छ निघते. फक्त शीट उजेडाकडं धरून बघा, आत पोकळ्या असतील तर नक्षीचा बारीक दांडा नेमका तिथंच तुटणार.

आता एक युक्ती सांगतो, ती मला फार उशिरा कळली. शीट कापायच्या आधी तिच्यावर सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या अस्तराचा, एक पातळ हात मारून ठेवायचा, चांगला दोन दिवस वाळू द्यायचा, हलकी घासायची, मग टेप लावून कापायची. धूर लाकडात मुरत नाही, सीलरवर बसतो आणि ओल्या फडक्यानं पुसला जातो. सीलर नीट वाळलेला हवा, आतला थिनर पुरता उडालेला हवा. वासानं ओळखा: नाक लावलं आणि थिनर आला, तर ती शीट मशीनमध्ये जायची नाही. आणि अशी शीट कापताना मशीन सोडून चहाला जायचं नाही. एरवीही जाऊ नये म्हणा.

कापून झालं की टेप काढा, कॉम्प्रेसरची हवा मारा, जुन्या टूथब्रशनं कडा घासा. पृष्ठभागावर डाग असेल तर फडकं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पुसा, आणि फडकं फिरवत राहा, नाहीतर एका पॅनलची काजळी दुसऱ्याला लावत बसाल. मग 320 नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तोंड घासा. बाजारू प्लायचा वरचा पापुद्रा फार पातळ असतो, दोन-चार हातांतच खालचा थर दिसायला लागतो. हळू.

राहिल्या भोकांच्या आतल्या कडा. एका जाळीत दोन-अडीचशे भोकं, तिथं पॉलिश पेपर घालत बसलात तर महालक्ष्म्या येऊन जेवून जातील. त्या कडांमधली काजळी काढायची नाही, कोंडायची. आणि काजळी कोंडायला लाखेसारखं दुसरं काही नाही.

लाख म्हणजे आपला चपडा, जुने पॉलिशवाले ज्यानं फ्रेंच पॉलिश करायचे तो. लिटरभर स्पिरिटला शंभर-सव्वाशे ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत भिजत घाला, रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. लोखंडी डबा वापरू नका, रंग काळवंडतो. हे पाण्यासारखं पातळ मिश्रण छोट्या गननं मारा किंवा मऊ ब्रशनं कडांना पाजा. कड तहानलेली असते, पहिला हात घटाघटा पिऊन टाकेल. अर्ध्या तासानं दुसरा हात. काजळी त्या कवचाखाली अडकते आणि वरच्या कलरमधला थिनर तिच्यापर्यंत पोचत नाही. दोन गोष्टी जपा. साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पीयू नीट धरत नाही, पाण्याच्या फिनिशचंही काही वेळा तेच होतं. मेण काढलेली लाख मिळाली तर तीच घ्या. ती नसेल तर साधा चपडा दोन दिवस न हलवता ठेवा, मेण खाली बसतं, वरचं नितळ तेवढं ओतून घ्या. दुसरं, कालवलेला चपडा वर्ष-वर्ष ठेवायचा नाही. जुना झाला की तो वाळायचं विसरतो, बोटाला चिकटत राहतो. हंगामापुरताच कालवा.

नुसत्या लाखेवर काम संपवायचं मात्र नाही. गरम पातेलं टेकलं की तिच्यावर पांढरा चट्टा येतो, सांडलेल्या पाण्यानंही येतो. ती अस्तर म्हणून उत्तम. वर काहीतरी हवंच.

वाकण्याचं सांगतो. तुम्ही जाळीला समोरून तीन हात मारले. मागून किती? पत्रात नाही, पण पापड झाला म्हणजे शून्य. पाऊस लागला की लाकूड हवेतला ओलावा ओढतं आणि फुगतं. समोरची बाजू कलरनं बंद, मागची उघडी; मागची फुगली, समोरची आहे तेवढीच राहिली, आणि 4 मिमीच्या अंगात एवढा ताण सोसायची ताकद नसते. उन्हाळ्यात कोरडी हवा लागली की हीच जाळी उलट्या बाजूला वळेल. समोर जेवढे हात तेवढेच मागे. मागचा कलर दिसत नाही हे गिऱ्हाईक म्हणेल. तुम्ही म्हणायचं नाही. मागे हवं तर रंग नको, दोन हात लाख आणि एक हात क्लिअर, म्हणजे बिनरंगी पारदर्शक फिनिश, मारा, पण बाजू बंद करा. शीटही भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, आडवी ठेवा, वर वजन.

सुरकुत्यांचं कारण घड्याळ. पांढरा रात्री, सोनेरी सकाळी, म्हणजे मध्ये दहा-बारा तास. इनॅमल जातीचा डबा असेल तर ही सगळ्यात वाईट वेळ. वरची साय धरलेली असते, आतलं कच्चं असतं. वरून सोनेरीतला तिखट थिनर पडला की साय फुगते आणि आकसते. दुधावरची साय फुंकर घातल्यावर जशी गोळा होते तशी. अशा बऱ्याच डब्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दुसरा हात तासाभराच्या आत मारा, नाहीतर एक-दोन दिवस थांबा. ते अक्षर वाचायला चष्मा लागतो, मलाही लागतो. दोन वेगळ्या जातीचे डबे एकावर एक मारायचे असतील तर आधी वाया गेलेल्या तुकड्यावर मारून रात्रभर ठेवा. आणि अॅक्रिलिक असेल तर अॅक्रिलिकच, लॅकर असेल तर लॅकरच, एका घरातच सोयरीक करा. इनॅमलवर लॅकर कधीच मारू नका.

आता काय मारायचं ते.

पीयूचं भूत तुमच्या डोक्यात कुणी घातलं माहीत नाही, पण ते अंगणातून आधी बाहेर काढा. पीयू वाईट नाही. उन्हापावसात टिकणारी नेमप्लेट करायची तर बाहेरचा पीयूच हवा. पण दोन डब्यांच्या पीयूत जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला तर दमा लावतो, आणि एकदा शरीरानं त्याचा राग धरला की नंतर थोड्या वासानंही त्रास होतो. कापडी मास्क, कोविडातला मास्क, काही उपयोगाचा नाही. माझ्या ओळखीतला एक गडी चांगला पीयू मारायचा, आज गन हातात धरली की खोकत सुटतो. ज्याच्याकडं बूथ, म्हणजे फवारणीची बंद खोली, आहे, बाहेर हवा फेकणारा पंखा आहे, नीट मास्क आहे, अशा पॉलिशवाल्याला ती नेमप्लेट देऊन या. दोन पैसे त्याला मिळू द्या.

मेलामाइनही दोन डब्यांचंच, आम्लानं घट्ट होणारं. कडक होतं, स्वस्त पडतं, पण वाळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं, डोळे चुरचुरतात. जिथं रात्री माणसं झोपतात तिथं मारू नका. आणि एकदा कालवलं की काही तासांत बरणीतच जमून बसतं. चाळीस पॅनलच्या हिशेबानं कालवलं आणि मध्येच लाईट गेली तर बरणीसकट फेकायचं.

तुमच्यासारख्या घरगुती कामाला मी दोनच वाटा सांगेन. लाकडाचा रंग तसाच दाखवायचा असेल, तर एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज सीलरचा एक-दोन हात, 320 नं घासून, वर एनसी मॅट लॅकरचे दोन हात. भराभर वाळतं, चुकलं तर पुढचा हात मागच्यात मिसळून जातो, दुरुस्ती सोपी. कच्चेपणा एवढाच की काही वर्षांत किंचित पिवळं पडतं, आणि सीलरचे थरावर थर चढवले तर अंगच मऊ राहतं, नखानं ओरखडतं. सीलर घासायला मऊ जातो कारण त्यात साबणासारखी एक पूड असते. म्हणून जास्त नको, आणि त्यावर पीयूही नको.

पांढरं-सोनेरी काम असेल, म्हणजे तुमची चाळीस पॅनल, तर लाखेचं अस्तर, त्यावर पांढरा पाण्याचा प्रायमर, त्यावर पाण्याचाच अॅक्रिलिक रंग, शेवटी हवा असेल तर पाण्याचा मॅट क्लिअर. पाण्याच्या पहिल्या हातानं लाकडाचे केस उभे राहतात, हात फिरवला की खरखरतं. घाबरू नका, 320 नं अलगद घासा, पुढचा हात गुळगुळीत येईल. वास कमी, पेटायची भीती नाही, गन पाण्यानं धुता येते. वाळायला पावसाळ्यात वेळ लागतो, तेवढा धीर धरा. सोनेरी मात्र डब्याचाच घ्या, त्यातल्या चमकीला गननं सांभाळणं नवख्याला कठीण. आणि त्या सोनेरीवर क्लिअर मारायचा मोह टाळा; बहुतेक सोनेरी क्लिअरखाली मळकट होऊन पितळेसारखे दिसतात. तुकड्यावर मारून दोन्ही शेजारी ठेवून बघा, पटेल.

चकाकी की मॅट? गिऱ्हाईक चकाकी मागतं. मी मॅटच देतो. चकाकीत कडेचा प्रत्येक ओघळ आणि धुळीचा प्रत्येक कण आरशासारखा दिसतो, आणि जाळीत तर कडाच कडा. बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळीची नक्कल मागायला माझ्याकडं लोक येतात तेव्हा मी एवढंच विचारतो, ती जाळी चकचकीत आहे का?

चाळीस पॅनल डब्यांनी करायला जाल तर नफा डब्यांतच जाईल. डब्यावर छापलेला फैलाव सपाट पत्र्याचा असतो. जाळीवर मारताना निम्मा कलर भोकांतून पलीकडं उडून जातो. त्यापेक्षा वरच्या कपाची छोटी गन घ्या. लॅकरला 1.3 किंवा 1.4 मिमीची टीप, लाख आणि बारीक नक्षीला 0.8 ची छोटी गन. कॉम्प्रेसर छोटाच असेल, पंचवीस लिटरचा वगैरे, तर टाकी रिकामी होत राहते. दोन पॅनल मारा, टाकी भरू द्या, मग पुढं. अर्ध्या दाबात मारलेला हात दाणेदार येतो. टाकीच्या तळाचं पाणी रोज सकाळी सोडा. पावसाळ्यात एवढं पाणी निघतं की तुम्हालाच नवल वाटेल, आणि तेच पाणी लॅकरमध्ये थेंब होऊन बसतं.

मारायची पद्धत. जाळी पाटावर पसरून वरून मारलीत तर कलर भोकांच्या कोपऱ्यांत साठतो आणि सकाळी तिथं थेंब लोंबताना दिसतात. एका फळीला चारी कोपऱ्यांवर आणि मध्ये एक असे खिळे आरपार ठोका, टोकं वर. जाळी त्या टोकांवर ठेवायची. आधी मागची बाजू मारून वाळवायची. मग पालथी करून पहिल्यांदा पृष्ठभाग विसरा, गन तिरकी धरून चारी बाजूंनी नुसत्या कडांना धुक्यासारखा हात द्या, ओला दिसलाच नाही पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी सरळ हात, गन वीतभर लांब, पॅनलच्या बाहेरून सुरू आणि बाहेरच बंद, प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. पुढचा हात फळी नव्वद अंश फिरवून. डबा वापरत असाल तर वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर, आणि आतली गोळी वाजायला लागल्यावरही मिनिटभर हलवायचा. सोनेरीची चमक तळाला बसलेली असते. काम संपलं की डबा उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबा, नाहीतर नोझल बुजलेला डबा निम्मा भरलेला फेकायला लागेल.

हवामानाचं मी स्वतःच्या अंगावरून सांगतो. माझं वर्कशॉप जालन्याला, कुंडलिकेच्या अलीकडं. एका मे महिन्यात, पत्र्याखाली जीव नकोसा झालेला असताना, मी आठ दारांना लॅकर मारत होतो. पोरानं दया येऊन कूलर आणून माझ्याकडं तोंड करून लावला. गार वाटलं, बरं वाटलं. अर्ध्या तासात आठही दारं दुधाळ. चुन्याचं पोतं फुटल्यासारखी. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि कूलरची ओली हवा त्या गार पृष्ठभागावर दव होऊन बसली. मे महिन्यात, मराठवाड्यात, मी माझ्या हातानं पावसाळा आणला होता. तुम्हाला तर आता खराखुरा पावसाळा आहे. रिमझिम चालू असताना लॅकर मारायचा नाही. उघडीप मिळाली की अकरा ते तीनची वेळ धरा. तरी पांढरी झाक आलीच तर घासू नका. वाळल्यावर कोरड्या दुपारी रिटार्डर, म्हणजे हळू उडणारा थिनर, हलका फवारा, झाक पुष्कळदा निघून जाते. आणि उन्हाळ्यात 42 अंशात याच्या उलट होतं, कलर हवेतच वाळून वाळूसारखा येऊन बसतो. तेव्हा सकाळी सातला काम उरकायचं.

दिवेलागणीनंतर मारू नका. पहिल्या पावसानंतरची पाखरं बल्बावर येतात आणि बल्बावरून थेट तुमच्या ओल्या लॅकरवर. ती काढता येत नाहीत, त्यांचे पाय तिथंच राहतात.

तर अंगण चालेल का? पाण्याचा रंग असेल तर चालेल. मारायच्या आधी अंगणात सडा टाका, धूळ बसेल. पण अर्धा तास आधी, पाणी आटू द्या. लॅकर, लाख, डब्याचा स्प्रे असेल तर अंगण उघडं आहे म्हणून चालेल, पण अटी आहेत. स्वयंपाकघराचं दार त्या बाजूला असेल तर गॅस बंद. तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती बंद. कॉम्प्रेसर फवाऱ्यापासून लांब, कारण त्याच्या स्विचची ठिणगी पुरते. लॅकरचा वाफारा जड असतो, जमिनीलगत पसरतो आणि लांबची आग पकडतो. मास्क कोळशाच्या डब्यांचा घ्या, दोन्ही गालांवर गोल डबे असतात तो. थिनरचा वास मास्कमधून यायला लागला की डबे बदला. शेजारच्या पोरांना त्या वेळी लांब ठेवा, आणि शेजाऱ्याच्या धुण्याकडं एकदा बघा. मी एकाच्या पांढऱ्या धोतरावर सोनेरी शिंतोडे पाडले होते, तो माणूस अजून बोलत नाही.

वाळलं म्हणजे झालं असं नाही. हाताला कोरडं लागतं तेव्हा आतून कच्चंच असतं. निदान पाच-सात दिवस पॅनल एकमेकांना न टेकता उभे ठेवा, आणि द्यायच्या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, पांढऱ्यावर कालच्या बातम्या उमटतात. मऊ जुन्या कापडात द्या. म्हणजे चाळीस पॅनलचा शेवटचा हात महालक्ष्म्यांच्या आधी आठ दिवस मारून झाला पाहिजे. तारीख कॅलेंडरवर लिहून गिऱ्हाइकाला आजच सांगा.

गिऱ्हाइकाला आणखी दोन गोष्टी सांगाल. समई, निरांजन जाळीला चिकटून ठेवायचं नाही, हातभर अंतर. वाळलेला लॅकरही पेट घेतो, आणि खाली सुकं प्लाय आहे. आणि हळद. महालक्ष्म्यांत हळद उडणारच. पांढऱ्या मॅटवर पडली तर लगेच कोरड्या फडक्यानं झटकायची, चोळायची नाही. तरी डाग राहिलाच तर पॅनल दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही.

तुमच्या परत आलेल्या सहा जाळ्या. डाग फुटलेल्या आहेत पण कलर धरून आहे, अशांना 320 नं हलकं घासा, त्या पांढऱ्यावरूनच लाखेचे दोन पातळ हात द्या, डाग तिथंच अडकतील, मग नवा पांढरा. सुरकुत्यांच्या सोनेरीला वाचवता येत नाही. तिथं खालच्या पांढऱ्यापर्यंत घासा, आणि घासताना पेपर चिकट व्हायला लागला तर आठवडाभर ठेवून मग हात लावा, आत अजून कच्चं आहे. वाकलेल्यांच्या उघड्या पाठीला चांगल्या कोरड्या दिवशी ऊन दाखवा, म्हणजे पाठीनं ओढलेला ओलावा जाईल. सरळ दिसली की त्याच दिवशी पाठ लाखेनं बंद करून, वाळल्यावर दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली चार दिवस. दोन-तीन तरी सरळ होतील. ज्या होणार नाहीत त्यांच्या पाठीला चारी बाजूंनी सागाची अर्ध्या इंचाची पट्टी चिकटवून चौकट करा, मखरात मागून कुणी बघत नाही. नव्या ऑर्डरीत मोठे पॅनल असतील तर ही चौकट आधीच किमतीत धरा.